डिजिटल सहीची किल्ली : माप कोणी तपासायचे?

२०१२ सालच्या जानेवारीतली गोष्ट. एका सरकारी रुग्णालयाच्या चादरींचे टेंडर निघाले होते. माल आमच्या हातचा होता, भाव बसत होता, चार यंत्रमागवाल्यांशी बोलणेही होऊन गेले होते. टेंडर ऑनलाइन भरायचे, म्हणजे डिजिटल सही हवी. आमच्या सहीची मुदत डिसेंबरात संपली होती आणि नूतनीकरणाचे पैसे आम्ही एजंटाला आधीच दिले होते. शेवटच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "शेठ, तुमच्या जुन्या टोकनात नवी किल्ली बसत नाही. टोकन नवीन घ्यावे लागेल. आणि संगणकावरची विंडोज एक्सपीसुद्धा जुनी आहे, सर्व्हिस पॅक तीन टाकून घ्या." संध्याकाळी टेंडर बंद झाले. ज्या मागांवर त्या चादरी निघायच्या, ते माग त्या महिन्यात दुसऱ्याची पडेल भावाची लुंगी विणत राहिले.

त्या दिवशी आम्ही सरकारला, एजंटाला आणि संगणकाला सारख्याच शिव्या दिल्या. आमची जुनी सही चालत होती, ती कुणी चोरली नव्हती, मग नवी किल्ली कशाला? पुढे हळूहळू कळत गेले की १ जानेवारी २०१२ पासून आपल्या देशात डिजिटल सहीची किल्ली किमान २०४८ बिट लांबीची असावी असा नियम लागू झाला होता. त्यापूर्वी १०२४ बिटांची चालत असे. आमचे टोकन १०२४ च्या काळातले होते. नियम आधीच्या वर्षीच जाहीर झाला होता. तो एजंटाला ठाऊक असायला हवा होता आणि त्याने आम्हांस सांगायला हवे होते. नियम चुकीचा होता असे मात्र आज आम्ही म्हणणार नाही. का म्हणणार नाही, ते व्यापारी व कारीगर बंधूंपुढे मांडण्यासाठी हा लेख.

कुलूप आणि त्याचे दात

संगणकातले कुलूप आकड्यांचे असते. साध्या कुलपात एकच किल्ली लावायला आणि उघडायला चालते. तिची लांबी बिटांत मोजतात. एक बिट वाढला की शक्य किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. ४० बिटांच्या कुलपाला सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या संभवतात. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, संगणकाला वाटत नाही. ५६ बिटांत याच्या ६५,५३६ पट किल्ल्या होतात, आणि तेही आज पुरत नाही.

डिजिटल सहीचे कुलूप निराळे. त्यात दोन किल्ल्या असतात. एक खाजगी, जी टोकनात बंद असते आणि सही करते. दुसरी जाहीर, जिने कोणीही ती सही पडताळून पाहू शकतो. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी ही पद्धत बसवली, म्हणून तिला आरएसए म्हणतात. तिचा पाया शाळेतल्या गणिताचा आहे. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार ३,२३३ हे कोणताही मुलगा पाटीवर करून दाखवील. पण नुसते ३,२३३ हातात देऊन, हे कोणत्या दोन संख्यांचे, असे विचारले तर वेळ लागतो. संख्या शेकडो आकडी असली तर संगणकालाही घाम फुटतो. तो गुणाकार जाहीर किल्लीत असतो, त्याचे दोन तुकडे खाजगीत. तुकडे सापडले की सही नकली करता येते, आणि ती नकली दिसतही नाही. गणिताच्या दृष्टीने ती अस्सलच असते.

इथे वाचकांचा एक गोंधळ होतो. बँकेचे कुलूप १२८ बिटांचे आणि सही २०४८ ची, मग सही कितीतरी पटींनी मजबूत असणार, असे वाटते. तसे नाही. साध्या कुलपात चोराला एकेक किल्ली लावून पाहावी लागते. आरएसएमध्ये तुकडे पाडण्याच्या जवळच्या वाटा आहेत. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेच्या कोष्टकाप्रमाणे १०२४ बिटांची आरएसए किल्ली साध्या कुलपाच्या ८० बिटांबरोबर धरतात, २०४८ ची ११२ बरोबर आणि ३०७२ ची १२८ बरोबर. कपड्याचा पन्हा आणि कपड्याचे काउंट हे दोन्ही आकडेच, पण एकाची दुसऱ्याशी तुलना होत नाही, तसेच हे.

किल्ली किती काळ टिकेल याचे अंदाज थोरामोठ्यांचेही चुकले आहेत. १९७७ सालीच १२९ आकडी एक संख्या जाहीर करून, हिचे दोन तुकडे पाडणाऱ्यास १०० डॉलर, असे बक्षीस ठेवले होते. हे काम कोट्यवधी वर्षांचे आहे असा तेव्हाचा अंदाज. १९९४ साली सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून आठ महिन्यांत ते पार पाडले. १९९९ च्या ऑगस्टमध्ये १५५ आकडी, म्हणजे ५१२ बिटांची संख्या फुटली, त्याला सुमारे ३०० संगणक लागले. २००९ च्या डिसेंबरात ७६८ बिटांची फुटली. २०२० च्या फेब्रुवारीत ८२९ बिटांची. १०२४ ची फुटल्याचे उघडपणे कोणी दाखवलेले नाही, पण अंतर किती उरले ते वाचकांनीच पाहावे. २०४८ बिटांची संख्या ६१७ आकडी असते.

एक खाते म्हणते लांब नको, दुसरे म्हणते आखूड नको

आज सगळे किमान लांबीबद्दल बोलतात. एके काळी कायद्याचा जोर कमाल लांबीवर होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९९० च्या दशकात अमेरिका मजबूत कुलपे बनवणारे सॉफ्टवेअर परदेशी जाऊ देत नसे. ते युद्धसामग्रीच्या यादीत होते. परदेशासाठी ४० बिटांचे साधे कुलूप आणि ५१२ बिटांची आरएसए किल्ली, अशी वेगळी आवृत्ती निघे. जणू देशी बाजाराला ९२ बाय ८८ चे केम्ब्रिक आणि निर्यातीला जाळीदार मलमल. आपल्या धंद्यात बहुधा याच्या उलट चालते, चांगला माल बाहेर जातो आणि सेकंड घरच्या बाजारात. १९९५ साली फ्रान्समधल्या एका संशोधकाने सुमारे १२० संगणक लावून असे ४० बिटांचे कुलूप आठ दिवसांत उघडले. अमेरिकेचे स्वतःचे ५६ बिटांचे सरकारी मानक, डीईएस, तेही १९९८ साली अडीच लाख डॉलरच्या आत बनवलेल्या एका यंत्राने ५६ तासांत फोडले. पुढच्या जानेवारीत तेच काम २२ तास १५ मिनिटांत झाले. २००० सालच्या जानेवारीत अमेरिकेने निर्यातीचे निर्बंध सैल केले.

आपल्याकडची तऱ्हा याहून गमतीची. १९९८ नंतर खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळू लागले. त्या परवान्यात अट होती की ग्राहकाने परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतचेच कुलूप वापरावे. त्याहून मजबूत हवे तर दूरसंचार खात्याची लेखी परवानगी घ्यावी आणि उघडण्याची किल्ली दोन भाग करून सरकारजमा करावी. इकडे जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत बँकांनी किमान १२८ बिटांचे कुलूप वापरावे असे सांगितले. म्हणजे ज्या तारेवरून बँकेचे व्यवहार जाणार ती तार ४० च्या वर नको म्हणत होती, आणि बँक १२८ च्या खाली नको म्हणत होती. बँकांचे व्यवहार चालू राहिले ते तारेच्या नियमाकडे काणाडोळा झाल्यामुळेच. दोन खात्यांच्या अशा दोन तोंडांत सापडलेला छोटा व्यापारी कसा भरडला जातो हे जकात, ऑक्ट्रॉय आणि विक्रीकराच्या दिवसांपासून आपण पाहत आलो आहोत.

नियम होता, दारावर कोणी नव्हते

आता मुद्द्यावर येऊ. किमान लांबीचा नियम कागदावर लिहिणे आणि सॉफ्टवेअरने आखूड किल्ली नाकारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या फटीतून काय काय गेले त्याचे दोन-तीन दाखले देतो.

पहिला दाखला गुगलचा आहे. ई-मेल खरोखर त्याच कंपनीच्या पत्त्यावरून आला आहे की नाही हे ओळखण्यासाठी मेलवर एक डिजिटल सही असते, तिला डीकेआयएम म्हणतात. तिच्या २०११ च्या मानकात साफ लिहिले होते की दीर्घकाळ वापरायची किल्ली किमान १०२४ बिटांची असलीच पाहिजे. तरी त्यानंतरही खुद्द गुगल आपल्या मेलवर ५१२ बिटांच्या किल्लीने सही करीत होती. एका अमेरिकन गणितज्ञाला तिथल्या नोकरीबद्दल मेल आला. मेल खरा की खोटा याची खातरजमा करताना त्याला ती आखूड किल्ली दिसली. त्याला वाटले, ही आपली परीक्षाच घेत असावेत. भाड्याने घेतलेल्या संगणकांवर सुमारे ७५ डॉलर खर्चून त्याने ती तीन दिवसांत फोडली आणि कंपनीच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला मेल पाठवला. उत्तर आले नाही, पण दोन दिवसांत गुगलने किल्ली बदलून २०४८ ची केली. हे प्रकरण २०१२ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांत आले. निर्यातदारांनी ते लक्षात ठेवावे. 'आमचे बँक खाते बदलले आहे, आता पैसे या नव्या खात्यावर पाठवा' असा खरेदीदाराला गेलेला एक खोटा मेल आपला सगळा कंटेनर बुडवू शकतो.

दुसरा दाखला मलेशियाचा. तिथे डिजिसर्ट सेंदिरियान बरहाद नावाची संस्था डिजिटल प्रमाणपत्रे देत असे. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीशी तिचा संबंध नाही. तिने ५१२ बिटांच्या किल्ल्यांवर २२ प्रमाणपत्रे दिल्याचे २०११ च्या नोव्हेंबरात उघडकीस आले. मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी त्या संस्थेवरचा विश्वासच काढून घेतला. विचार करा, त्या २२ जणांबरोबर तिच्या बाकीच्या सर्व ग्राहकांची प्रमाणपत्रेही त्या दिवसापासून कवडीमोल झाली. बाजारात एका आडत्याने खोटे वजन वापरले की त्याच्या गाळ्यावर माल ठेवणारे सगळेच बदनाम होतात, तसा हा प्रकार.

तिसरा दाखला आम्हांस सर्वांत बोचरा वाटतो. अमेरिकेची ५१२ बिटांची निर्यात आवृत्ती कायद्याने २००० साली निरर्थक झाली. पण ती सॉफ्टवेअरमधून काढायची कोणाला सुचले नाही. जुने ग्राहक तुटू नयेत म्हणून सर्व्हरच्या पोटात ती तशीच पडून राहिली. २०१५ च्या मार्चमध्ये संशोधकांनी दाखवून दिले की मध्ये बसलेला चोर आजचा ब्राउझर आणि आजचा सर्व्हर या दोघांना फसवून त्या जुन्या ५१२ च्या किल्लीवर उतरवू शकतो. ब्राउझरने ती मागितलेली नसे, तरी समोरून आली म्हणून तो मुकाट्याने स्वीकारी. त्या वेळी ५१२ ची किल्ली फोडायला सात-आठ तास आणि सुमारे १०० डॉलर पुरत. ब्राउझर ज्यांवर विश्वास ठेवतात त्या संकेतस्थळांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक त्यात सापडली. ज्या अमेरिकन गुप्तहेर खात्यासाठी दुबळी कुलपे ठेवली गेली असे म्हणतात, त्या एनएसएचे संकेतस्थळही त्यांत होते.

मानकवाल्यांना हा धडा उशिरा का होईना मिळाला. ई-मेलच्या सहीचे मानक २०१८ च्या जानेवारीत दुरुस्त झाले. सही करणाऱ्याने १०२४ च्या खाली जाऊ नये हे होतेच. आता पडताळणाऱ्यावरही बंधन आले की १०२४ हून आखूड किल्लीची सही त्याने ग्राह्य धरू नये. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल जीमेलच्या ग्राहकांना जाणाऱ्या मेलवर किमान १०२४ ची किल्ली मागते आणि २०४८ ची शिफारस करते. जिला ५१२ चालत होती ती कंपनी आज दारात उभी राहून इतरांची किल्ली मोजते.

मोजायचे कुठे?

आपल्या दुकानातला मीटर वजन-मापे खात्याकडून तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. पण तेवढ्याने गिऱ्हाईक फसत नाही असे नाही. मीटर बनवणाऱ्याने बरोबर बनवायचा, शिक्का मारणाऱ्याने मोजून मारायचा, आणि गिऱ्हाइकाने कपडा घेताना डोळा ठेवायचा. किल्लीचेही तीन नाके आहेत. किल्ली तयार करणारे सॉफ्टवेअर किंवा टोकन, प्रमाणपत्र देणारी संस्था, आणि सही पडताळणारे सॉफ्टवेअर. पहिल्या नाक्यावरची तपासणी सोपी. मागणी २०४८ च्या खाली असेल तर नकार द्यायचा, एका ओळीचे काम. पुष्कळ सॉफ्टवेअर इथेच थांबते. बाहेरून तयार आणलेली जुनी किल्ली कोणी आत घातली तर तिच्याकडे पाहत नाही.

अमेरिकेच्या सरकारला सॉफ्टवेअर विकायचे तर ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागते. त्या मानकाला फिप्स १४० म्हणतात. आपल्याकडची टोकनेही फिप्स १४०-२ पातळी दोनची असावीत असा आपल्या प्रमाणन नियंत्रकांचा नियम आहे, म्हणजे त्या अमेरिकन मानकाचा शिक्का आपल्याही खिशात आहे. त्याच मानक संस्थेने १०२४ बंद करण्याची मुदत आधी २०१० च्या अखेरची सांगितली होती. बाजार तयार नाही असे दिसल्यावर ती २०१३ च्या अखेरीपर्यंत वाढवली. मोठ्या कंपन्यांना तीन वर्षे वाढवून मिळाली. आम्हांला शेवटच्या दिवशी दुपारी एक फोन मिळाला.

त्या संस्थेच्या नियमातली एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. १०२४ च्या किल्लीने नवी सही करण्यास मनाई आहे, पण पूर्वी केलेली सही पडताळण्यास मुभा आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने गज गेला आणि मीटर आला. नवा कपडा गजाने विकता येईना, पण चोपडीत गजाने लिहिलेली जुनी उधारी काही बुडाली नाही. सॉफ्टवेअर लिहिणारा हा फरक विसरला आणि सरसकट सगळ्या आखूड किल्ल्या नाकारू लागला, तर दहा वर्षांपूर्वीचा करार कोर्टात दाखवायची वेळ आल्यावर तो उघडणारच नाही. आणि त्याने उलट केले, पडताळणीची मुभा सगळीकडे दिली, तर आज आखूड किल्लीने मारलेली नवी सही जुनी म्हणून खपून जाते. सही केव्हा झाली याचा खात्रीचा वेळ-शिक्का सोबत असेल तरच ही मुभा सुरक्षित.

विक्रेत्यांनी खरा नकार कधी सुरू केला, तेही पाहण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या ऑगस्टमध्ये सूचना दिली आणि ऑक्टोबरात विंडोजच्या आपोआप येणाऱ्या दुरुस्तीतून १०२४ हून आखूड आरएसए किल्ल्या नाकारायला सुरुवात केली. ५१२ उघडपणे फुटल्याला तोवर तेरा वर्षे झाली होती. मोफत मिळणाऱ्या लिनक्सपैकी डेबियनने २०१९ च्या जुलैतल्या आवृत्तीत किमान २०४८ ही पातळी मुळातच लावून दिली. मग काय झाले? जुने राउटर, जुने छापायंत्र, जुन्या वायफायचा सर्व्हर, यांच्याशी जोडणी तुटू लागली. तक्रार आली की संगणकवाला फाइलमधली एक ओळ बदलून पातळी दोनची एक करून देई. काम चालू, नियम बंद. आम्ही त्या संगणकवाल्याला फार दोष देत नाही. दुकान बंद ठेवून राउटर बदलायची त्याला परवानगी नसते. पण ती ओळ नंतर कोणी परत बदलत नाही, हेही आम्ही आमच्याच पेढीवर पाहिले आहे.

पन्हा भरला, पण सूत कच्चे

लांबी पुरी असली म्हणजे किल्ली खरी, असे समजणेही धोक्याचे. २०१७ च्या ऑक्टोबरात उघड झाले की इन्फिनिऑन या जर्मन कंपनीच्या काही चिपांमध्ये किल्ली तयार करण्याची रीत सदोष होती. किल्ल्या २०४८ बिटांच्याच, मोजल्या तर मापात बरोबर, पण त्यांचे तुकडे विशिष्ट साच्यातून निघत असल्याने शोधायला अपेक्षेपेक्षा फार सोपे. आणि त्या चिपांवर सुरक्षिततेची प्रमाणपत्रे होती! एस्टोनिया देशाची सुमारे साडेसात लाख ओळखपत्रे त्यात सापडली. तिथे लोक या कार्डावर कर भरतात, करार करतात, मतदानही करतात. त्या नोव्हेंबरात सरकारने त्यांची प्रमाणपत्रे थांबवून नव्याने द्यायला लावली. पन्हा पुरा, वीण मोजली तर बरोबर, पण सूतच कच्चे, अशा थानाची गत पहिल्या धुण्यात कळते.

एक बारीक गोष्ट कारीगरांना पटेल अशी. दोन मूळ संख्या निष्काळजीपणे निवडल्या तर त्यांचा गुणाकार कधी २०४८ ऐवजी २०४७ बिटांचा भरतो. सुरक्षिततेत नावाला फरक. पण कडक तपासणी करणारे सॉफ्टवेअर ती परत करते, आणि करायलाच हवी. आज एक दोरा सोडला तर उद्या दोन सुटतात. मालकाला मात्र काही कळत नाही, कालपर्यंत चालणारी किल्ली आज का अडली म्हणून तो कपाळावर हात मारतो. अशा वेळी सॉफ्टवेअरने पडद्यावर 'चूक झाली' एवढेच न लिहिता 'किल्ली २०४७ बिटांची आहे, २०४८ हवी' असे लिहिले तर कितीतरी लोकांचा दिवस वाचेल. २०१२ साली आमच्या पडद्यावर इंग्रजी शब्द आणि एक आकडी क्रमांक आला होता. एजंटालाही त्याचा अर्थ लागायला दोन दिवस गेले.

आणि लांबीचा सगळा खटाटोप वाया घालवण्याची आपली खास पद्धत आहे. टोकन अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये, आणि त्यावर चिकटपट्टीने पासवर्ड लावलेला. कोणत्याही पेठेत जा, हेच चित्र दिसेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याने, म्हणजे २००० सालापासून, या सहीला हाताच्या सहीचा दर्जा आहे. कोरा धनादेश सही करून कोणाकडे ठेवणार नाही असा व्यापारी टोकन मात्र वर्षभर दुसऱ्याकडे ठेवतो. तिथे २०४८ काय आणि ४०९६ काय.

पुढची तारीख

२०४८ ही शेवटची पायरी नाही. नव्या तऱ्हेचे, क्वांटम म्हणवणारे संगणक पुरेसे मोठे झाले तर आरएसएची किल्ली कितीही लांब केली तरी फार काळ टिकणार नाही, असे गणित सांगते. म्हणून अमेरिकन मानक संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये निराळ्या गणितावरची तीन नवी मानके प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने एक मसुदा काढला. त्यात ११२ बिटांच्या ताकदीची आरएसए, म्हणजे आपली आजची २०४८ ची किल्ली, २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर बंद, असे सुचवले आहे. मसुदा अमेरिकेचा आहे, पण २०१२ च्या अनुभवावरून वारा कुठून कुठे वाहतो ते आपल्याला कळले आहे. तेव्हा टोकन बदलेल, संगणकावरचे सॉफ्टवेअर बदलेल, कदाचित सही करण्याची रीतही बदलेल.

डिजिटल सही आपल्याकडे एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी मिळते. पुढच्या नूतनीकरणाला जाल तेव्हा मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी जा आणि एजंटाला तीन प्रश्न विचारा. किल्ली किती बिटांची आहे, ती टोकनातच तयार होते की बाहेर तयार करून आत घालतात, आणि पुढचा बदल लागू झाला तर हेच टोकन चालेल का. बाहेर तयार झालेली खाजगी किल्ली घेऊ नये. तिची नक्कल कुठे राहिली हे कोणी सांगू शकत नाही. स्वतः पाहायचे असेल तर टोकन लावून त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपले प्रमाणपत्र उघडावे. 'डिटेल्स' या भागात 'पब्लिक की' ही ओळ असते, तिच्यासमोर आरएसए आणि बिटांचा आकडा लिहिलेला असतो. ई-टेंडर भरणारे, कंपनीचे कागद दाखल करणारे आणि निर्यातीचे अर्ज करणारे यांनी हे आजच पाहून ठेवावे. ज्यांचे टोकन दुसऱ्याकडे आहे त्यांनी आधी ते परत आणावे.

आमचे २०१२ चे जुने टोकन अजून गल्ल्यात आहे. पासवर्ड लागतो, दिवा पेटतो. चादरीचे टेंडर पुढच्या वर्षी पुन्हा निघाले होते. ते आम्ही नव्या टोकनाने, मुदतीच्या नऊ दिवस आधी भरले.